कॉम्प्युटरवरचं ठेवू की टॅबवरचं?

१२ एप्रिल, शनि.
आबा सकाळपासून एकच बटण दाबत सुटलेत. "कोठे मरनी व?" घशाचं ऑपरेशन होऊन स्वरयंत्र काढलं, तेव्हा वाटलं होतं, सुटले बाई, सासरा आता गप्प बसेल. तर हॉस्पिटलच्या मॅडमनी हा टॅब हातात दिला. चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलतो. आबांना लिहिणं सहीपुरतंच येतं, म्हणून चित्रं. ऑपरेशनआधी मॅडमनी त्यांच्याच आवाजात काही वाक्यं भरून घेतली. रोज घरात काय बोलता ते बोला, म्हणाल्या. आबांनी इमानदारीत मला घालायच्या शिव्या भरल्या. पाणी, गोळी, संडास हे मागाहून माझ्या आवाजात भरलं. म्हणजे पाणी मागायचं माझ्या तोंडाने, आणि बोलणी द्यायची स्वतःच्या!

१४, सोम.
हे पहाटेच्या गाडीने जळगावला कामावर. आता शनिवारपर्यंत मी आणि आबा.
लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते त्याच कॉम्प्युटरवर आबांची चित्रं आहेत. इथे चित्र लावलं की वायफायवरून आपोआप टॅबवर जातं. इथलं काढलं की तिथलंही जातं. हे इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही?
"चहा शे का पानी?" उडवलं.
दुपारी चहा मुद्दाम पाणचट केला. आबांनी घोट घेतला, टॅब उचलला, चित्र शोधलं. नाही. परत शोधलं. मी समोर उभी. काय हवंय, बोला ना, म्हटलं. असं हसू आलं की पदर तोंडात धरला.

१७, गुरु.
"कोठे मरनी व?" पण गेलं. या वेळी स्क्रीनवर विचारलं, दोन्हीकडे फरक आहे, कॉम्प्युटरवरचं ठेवू की टॅबवरचं? कॉम्प्युटरवरचं. विचारायचं काय त्यात.
घरात शांत शांत. फोडणी तडतडलेली ऐकू येते.
ह्यांचा फोन. टॅब बिघडला का गं? म्हटलं, आबा नको तिथे बोटं घालतात.
अक्षय्य तृतीया, आमची आखाजी, जवळ आली. दर आखाजीला आबांची लेक, अक्का, शिरपूरहून येते. चार दिवस आधी आबांची तिच्यासाठी आंब्यांची निवडानिवड सुरू होते. मला लग्नानंतर एकदाच माहेरी धाडलं. पुढे दर वर्षी एकच, अक्का येणार, सांजोऱ्या कोण करील? त्यातच आई गेली. तिच्या हातची शेवटची आखाजी कोणती, ते मला आठवत नाही.

२०, रवि.
हे घरी. व्हिडिओ कॉलवर अक्का. आबांनी तिच्या फोटोवर बोट ठेवलं. काही नाही. पुन्हा पुन्हा तेच.
"उनी का माय", लेक दारात आली की म्हणायचे ते, आलीस का बाई, गेलं.
ते मला घालवायचं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. ते हॉस्पिटलात थेट टॅबवर भरलेलं, कॉम्प्युटरवर कधी आलंच नव्हतं. मी कॉम्प्युटरवरचं ठेव म्हटलं, आणि ते पुसलं गेलं. आता कुठेच नाही.
अक्का रडली. मला आबांचा आवाज ऐकायचाय, म्हणाली. हे आबांना मोठमोठ्याने समजावत होते, टॅब घरातल्या वायफायमध्ये आला की बदलतो, बाहेर नाही बदलत. आबा ऐकत होते. बघत मात्र माझ्याकडे होते.

२२, मंगळ.
आबांसमोरच टॅबवरचं लाल बटण दाबून "उनी का माय" माझ्या आवाजात भरलं, अक्काच्या फोटोवर लावलं. भरपाई म्हणा. आबांनी दाबलं. ऐकलं. टॅब पालथा घातला.
डोकं फिरलं माझं. तोंडाला आलं ते बोलले. आवाज गेला तरी माज गेला नाही तुमचा. लेकीला म्हणावं घेऊन जा, नाहीतर सडा इथेच, आणि मरा एकदाचे.
टॅब परत हातात घेऊन आबा खाली मान घालून बसले होते. वाटलं, चित्रं बघताहेत.

२४, गुरु.
जेवताना आबांनी अक्काचा फोटो दाबला. माझा आवाज. माज. सडा. मरा. मागे माझी कढई आपटलेली पण आली आहे. भाकरी मोडत मोडत परत दाबलं.
मी कॉम्प्युटरकडे धावले. चालू होईपर्यंत आबा टॅब बंडीत घालून बाहेर. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथे आपलं वायफाय पोचत नाही.

२६, शनि.
आता रोज गिरणी. घरात येताना टॅब बंद, झोपताना उशीखाली.
हे आले. भांडी घासताना कान तिकडेच, आता लावतील, मग लावतील. ह्यांना नाही ऐकवलं. अक्कासाठी ठेवलंय.
आबा तिथे का बसतात गं? म्हटलं, वारा लागतो.

२९, मंगळ.
सांजोऱ्या झाल्या. हात तुपाचे तसेच घेऊन गिरणीवर गेले. आबांच्या समोर बसले, खाली. काय पाहिजे तुम्हाला? आबांनी लाल बटण दाबून टॅब माझ्या तोंडापुढे धरला. बोल.
बोलले. चुकलं म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं त्या माणसाला.
त्यांनी लावून ऐकलं. नुसती गिरणीची घरघर. आबांनी हाताने खूण केली, परत.
परत नाही म्हणणार. उठून आले. मेली ती गिरणी.

३०, बुध. आखाजी.
हे स्टँडवर अक्काला आणायला गेलेत. घागर भरून झाली, वर खरबूज ठेवलं. नैवेद्य झाकून ठेवलाय.
आबा आज गिरणीवर गेले नाहीत. दारातच बसलेत, मांडीवर टॅब. चालू.
कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आलंय, टॅबवर नवीन आहे. कॉम्प्युटरवरचं ठेवू की टॅबवरचं?
कॉम्प्युटरवरचं म्हटलं की माझं ते सडा, मरा पुसलं जाईल. वायफायचं विसरले असतील म्हणावं, तर आबा विसरणारे नाहीत. मघापासून माझ्याकडेच बघताहेत, आणि बोट अक्काच्या फोटोवर आहे.
हाताला दुसरं काही करू द्यायचं नाही म्हणून लिहीत बसलेय.
रिक्षा थांबली. अक्का आबांना हाक मारतेय.