मी यहुदी नाही, मी कारंज्याचा

मी पौलस गोमाजी मडावी, जात गोंड, धर्म ख्रिस्ती, वय पंचविशीच्या आसपास, मूळ राहणार कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा, हल्ली मुक्काम रेवदंडा, जिल्हा कुलाबा, एलोजीशेठ नवगावकर यांच्या तेलघाणीवर नोकर. माझं डोकं ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही तो डावा पाय. घाणीचं लाकूड पडून तो सडला, सोमवारी अलिबागेला कापणार. त्यात मेलो तर पुढे लिहिल्याप्रमाणे व्हावं. आज शुक्रवार. शेठ यहुदी आहेत, दिवस बुडाला की उद्या सांजेपर्यंत हातात लेखणी धरत नाहीत. साक्षीला त्यांची सही हवी, म्हणून घाईत लिहितो, अक्षराला हसू नये.

१. सायकल मामेभाऊ घनश्याम याला. घंटी वाजत नाही, त्यानं तोंडानं ओरडावं, तशी सवय त्याला आहेच.

२. काळी टोपी एलोजीशेठांना परत. टोपीची हकिकत लिहिणं भाग आहे.

आमच्या मिशनचे पाद्री मनोहरराव गोऱ्या साहेबाला घेऊन यहुदी बाटवायला कोकणात आले. साहेबाचा हिशोब असा की यहुद्यांनी येशूला मानलं की प्रभू परत येणार. म्हणून एक यहुदी म्हणजे शंभर गोंड. आमची चाळीस घरं बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली गेली तेव्हा कोणी फोटो काढला नाई. आणि हे शहाणे आले तेही शनिवारी! घाणी बंद, शेठ मशिदीत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या घरात. ओट्यावर राखण करत मी, डोक्यावर उन्हासाठी शेठची जुनी टोपी. साहेबाला वाटलं, सापडला यहुदी. मी सरळ सांगितलं, "मी कारंज्याचा, माझा बाप्तिस्मा ह्याच पाद्र्याच्या हातचा." दुभाषी पाद्रीच. साहेब ऐकून रडला, मला मिठी मारली, फोटो काढला. पाद्र्यानं काय सांगितलं असेल ते ज्यानं त्यानं ओळखावं.

सांजेला शेठ आले, ऐकून म्हणाले, "येशू आमच्याच घरचा मुलगा. त्याची ओळख आम्हाला हे करून देणार? आणि बाटवला कोण, तर आधीच बाटलेला!"

३. डाव्या पायाचा जोडा पाद्री मनोहरराव यांना. कोकणच्या पहिल्या यहुद्याचा जोडा म्हणून साहेबाला दाखवावा. तळ फाटका आहे, तो छळाचा पुरावा म्हणता येईल.

४. आता मुख्य. नाताळात कारंज्याच्या देवळात पडद्यावर तसबिरी दाखवल्या. त्यात मी, प्रभूकडे आलेला यहुदी. घनश्याम तिथे होता. तो सांगतो, माझी आई बायजा ताडकन उभी राहिली.

"हा तं माया पौलस हाय! यहुदी कायचा?"

"बायजाबाई, खाली बसा," पाद्री म्हणाला. "अंधारात चेहरे सारखे दिसतात."

"मी काऊन बसू? तुमीच तं त्याच्या डोक्यावर पानी टाकलं होतं!"

तेव्हापासून आईला मंडळीतून काढलं आहे. मिशनच्या कब्रस्तानात बापाच्या बाजूला तिला जागा मिळणार नाही असं पाद्र्यानं बजावलं. मातारी त्याच धसक्यानं जेवून नाई राह्यली.

तर ऐका. ती कब्रस्तानाची जमीन माझ्या बापाची. त्यानं ती भोळेपणानं नुसती तोंडानं मिशनला दिली. पटवाऱ्याला विचारा, नाव अजून गोमाजीचंच आहे. मी त्याचा एकुलता वारस. तो सगळा तुकडा, कबरींसकट, चिंचेसकट, मी आई बायजा हिला देतो. बापाच्या उजव्या बाजूची जागा तिची. डाव्या बाजूला मला न्यावं, नेता नाई आलं तर उजव्या पायाचा जोडा तिथं पुरावा.

शेठ दारातून सांगताहेत, "आटप रे, सूर्य टेकला." त्यांना विचारलं होतं, तुमच्यात पुराल का? म्हणाले, "नाही रे बाबा. तू आमचा नाहीस. खोटं नाव मातीला चालत नाही." इतकं खरं मला कोणी पाद्री बोलला नाही.

५. यापुढे मंडळीत कोणी मेलं की पाद्र्याला जागा मागायला आईकडे यावं लागेल. आई, तू जागा देजो, मेलेल्याचा काय दोष. पण तू बसून राहाजो. त्याले उभा ठेवजो. आणि पौलस कोणाचा पोरगा, हे त्यानं सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितल्याशिवाय कुदळ लावू देजो नको.

सही : पौलस गोमाजी मडावी

साक्षीदार : एलोजी हसाजी नवगावकर (सही, दिवस बुडण्याआधी)
बापूजी कोळी, गलबतवाले (अंगठा)

मुक्काम रेवदंडा, शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९५४