रंगावर बसवलेले नट

प्रिय युरानिस,

फिलेमोन बाहेर जीप भरतोय. सिमेंटची पोती चढली की निघतो म्हणाला, तेवढ्यात मला हे संपवायचंय. तेव्हा आधी कामाचं. तुझ्या मोटरसायकलवर बसू नकोस. आज नाही, उद्या नाही, आणि 'ओढ्यापर्यंतच तर जातेय' असंही नाही. माझ्या नातीला, नाईलीनला, टाकीवर पुढ्यात बसवून त्या लाल मातीच्या उतारावरून उतरतेस ना, तेही बंद. शाळेत चालत जा. तास लागतो तर लागू दे, पोरं काही रडत बसणार नाहीत, उलट खूश होतील. निरोप तोंडी धाडला असता, पण फिलेमोनला तू ओळखतेस. मी सांगणार 'मागच्या चाकाचे नट सैल आहेत', आणि तो वर येऊन सांगणार 'तुझी आई मजेत आहे'. तुमच्या डोंगरावर फोन लागत नाही. सकाळपासून अकरा वेळा लावून बघितला. म्हणून हे अक्षर. जसं आहे तसं वाच, शिक्षिकेसारख्या चुका काढू नकोस.

काल संध्याकाळी उबाल्दो पडला. आपल्या चौकात मोटरसायकलवर भाडी मारतो तो, दामारिसचा नवरा. बाजाराच्या चढावर होता, मागे एक बाई आणि बाईच्या मांडीवर कोनफळांची गोणी. चेन ज्या दातेरी चकतीवर फिरते ती चकती चाकावरून सुटली, चेन तिरकी होऊन चाकात अडकली आणि चाक जागेवर थांबलं. बाई गोणीवर पडली म्हणून वाचली. उबाल्दोचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. मी दवाखान्यात गेले आणि गेल्या गेल्या तोंड सोडलं. म्हटलं, गाडी आहे का गाढव आहे रे तुझी? परवा गॅसची टाकी नेत होतास, आज कोनफळं, उद्या कपाट नेशील. सगळे हसले. उबाल्दोपण हसला, म्हणाला, एदेल्मिराबाई, पाय मोडलाय, कान शाबूत आहेत, हळू बोला. दामारिस तेवढी हसली नाही. ती म्हणाली, इतकी वर्षं कोनफळंच वाहतोय तो, आत्ताच कसं काय झालं? मी म्हटलं, लोखंड आहे बाई, थकतं. आणि घरी आले. कोनफळाचं सूप पुढ्यात होतं, ते तसंच झाकून ठेवलं.

आज उजाडल्यावर मी त्याची गाडी बघायला गेले. चौकात लोकांनी भिंतीला टेकून ठेवली होती. चकतीचे चार नट असतात ना, त्यातले तीन गायब. चौथ्याचा बोल्ट अर्ध्यात तुटलेला. मी बोटाने भोकं चाचपली. गोल राहिली नव्हती, अंड्यासारखी लांबट झाली होती. म्हणजे कालच्या कोनफळांनी काही झालं नाही, कित्येक दिवस ती चकती हलत होती. आणि भोकाभोवती तपकिरी रंग, जिथं नट बसतो तिथंच चुरगळलेला, सालीसारखा निघालेला. तो रंग माझा. डबा अजून माझ्या गॅरेजच्या खोपट्यात आहे.

तुला माहीतच आहे, गाडीवाल्यांना सांभाळणाऱ्या कार्मेनच्या मातेची मिरवणूक आली की या गावातल्या माणसांना वेड लागतं. वर्षभर गाडीला तेल घालणार नाहीत, पण त्या दिवशी फादर पाणी शिंपडणार म्हणून फुगे काय, फिती काय, हॉर्न काय. यंदा कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की चकतीसुद्धा मातेच्या झग्याच्या रंगाची पाहिजे. तपकिरी, वर पांढरी कड. चार गाड्या आल्या माझ्याकडे. उबाल्दोची, त्याच्याच चौकात भाडी मारणाऱ्या त्या दोघा भावांच्या दोन, आणि तुझी. चकत्या काढल्या, रंगवल्या, उन्हात ठेवल्या. आणि मिरवणुकीचा हॉर्न ऐकू यायला लागला. रंग वाळला नव्हता, बोट लावलं तर ठसा उठत होता. तरी बसवल्या. नटाखालचा रंग खरवडला नाही. आता तूच बघ, नट लोखंडावर बसायला हवा, तो बसला रंगाच्या सालीवर. साल दबली की नट मोकळा. आणि नट फिरू नये म्हणून खाली पत्र्याची पट्टी असते, तिचा कान नटावर वाकवायचा असतो. तो वाकवायला छिन्नी लागते, छिन्नी सापडत नव्हती. म्हटलं, मिरवणूक झाली की वाकवू. मिरवणुकीनंतर सगळे नाचायला गेले, मीपण गेले. फादरने त्या चाकांवर पाणी शिंपडलं ग. माझ्या सैल नटांवर.

तर तू काय करायचं. गाडी मधल्या स्टँडवर उभी कर, चकती दोन्ही हातांनी धर आणि हलव. कटकट झाली, किंवा नटाशेजारी तांबूस भुकटी दिसली, तर तिला हात लावू नकोस. पान्याने आवळून चालवीन म्हणशील, तर तेही नको. बोल्ट आतून चिरलेला असेल तर आवळताना कळणार नाही, उतारावर कळेल. आणि काहीच हललं नाही तरी बसू नकोस. नवे बोल्ट, नट, पट्ट्या घेऊन मंगळवारच्या जीपने मीच वर येते. आजच आले असते, फिलेमोनने सिमेंटवर बसायला जागाही दिली होती. पण त्या दोघा भावांच्या गाड्या आत्ता गावात भाडी मारतायत, आणि त्यांना अडवायला माझ्याशिवाय कुणी नाही, कारण का अडवायचं ते मला एकटीलाच ठाऊक आहे. त्यांना थांबवलं की दामारिसकडे जाणार. तिला कोनफळांचं नाही, रंगाचं सांगणार. उद्यापासून माझ्याकडे कुणी गाडी आणणार नाही. न आणू दे.

फिलेमोनने दोनदा हॉर्न दिला. आता ते सांगते, जे दामारिसला सांगणार नाही, तुलाच सांगायचंय. मिरवणुकीनंतर वर निघताना तू विचारलंस, आई, नट नीट आवळलेस ना, तू सगळं घाईत करतेस. दारात शेजारच्या बाया उभ्या होत्या. मी म्हटलं, तू पोरांना अक्षरं शिकव, मला पाना शिकवू नकोस. त्या हसल्या, तू तोंड पाडून गाडी सुरू केलीस. कोपऱ्यावर गिअर टाकलास तेव्हा मागच्या चाकातून आवाज आला. टक्. एकदाच. वीस वर्षं मी चाकं खोलतेय पोरी, तो आवाज कशाचा ते मला कळतं. नाईलीन मागे वळून हात हलवत होती. मी हाक मारली असती तर त्या बायांसमोर तू खरी ठरली असतीस. म्हणून मीपण हात हलवला. आज आठ दिवस झाले, मी स्वतःला सांगत होते की तो दगड असेल. उबाल्दो पडला नसता तर अजूनही सांगत राहिले असते. तुला राग येईल, येऊ दे. उत्तर लिहू नकोस. फक्त फिलेमोनच्या हाती गाडीची किल्ली पाठव. तो संध्याकाळी खाली येतो. तोवर मी चौकात उभी आहे.

तुझीच, तोंडाळ आणि उतावळी,
आई