नळीवरचा अंगठा

प्रिय सिद्धाप्पा मामा,

काल जतला तुमच्या घरी गेलो होतो. माफी मागायला. दारातच तुमच्या लेकीनं, सुमननं सांगितलं, आबांना जाऊन महिना झाला. म्हणून आता हे कागदावर.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही सांगलीला आलात आणि आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागलात. माझा प्रयोग तुम्हाला पाठ झाला होता. अंड्याच्या बलकातली चरबी काढायची, पाण्यात तिचे डोळ्यांना न दिसणारे फुगे करायचे, ते काचेच्या नळ्यांत भरून बर्फ-मिठात गोठवायचे आणि वितळल्यावर किती शाबूत राहिले ते बघायचं. भुशात गुंडाळलेला बर्फ तुम्हीच सायकलवरून आणायचात.

फुगे काही टिकेनात. वितळले की नासलेल्या दुधासारख्या गाठी तळाशी! भांडी नीट धुतली जात नाहीत, म्हणून मी सगळ्या स्टाफसमोर तुम्हाला वाट्टेल ते बोललो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सर, भांडी मी चांगली धुतल्यात. तुमी जरा तुमचं हात बघा."

शिपायानं मला हात बघायला सांगावं? केवढा माज होता माझा! त्याच दुपारी मी लेखी तक्रार केली आणि तुम्हाला गेटवर बसवलं गेलं. जाता-येता तुम्ही नमस्कार करायचात, मी घड्याळात बघायचो. पुढं तुम्ही नोकरी सोडून गावी गेलात.

मध्यंतरी हिरडी सुजली म्हणून डॉक्टरांनी माझी तंबाखू बंद केली. पंधरा दिवस एकही नळी नासली नाही! तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. तंबाखू मळायची आणि त्याच चुन्याच्या अंगठ्यानं नळीचं तोंड दाबून ती हलवायची. नळीला अंगठा लावू नका म्हणून पोरांना ओरडतो, तेच मी करत होतो. मग मुद्दाम एका नळीत कणभर चुना टाकून ती गोठवली. वितळल्यावर सगळ्या गाठी. गोठताना फुगे दाटीवाटीनं जवळ येतात, चुन्यातलं कॅल्शियम त्यांना एकमेकांना चिकटवतं आणि ते फुटतात. तुम्ही बरोबर होतात, मामा.

सुमननं चहा दिला. म्हणाली, "आबा म्हनायचं, सर एवढं शिकल्यालं, माझ्याच हातनं काय तरी ऱ्हात असंल."

म्हणजे शेवटी तुम्हालाही ते खरं वाटायला लागलं? आणि मी काय केलं? चहा पिऊन उठलो. तिच्यापुढं तोंड उघडलं नाही. फार लाज वाटते हो.

उद्या प्राचार्यांना लेखी देतो की चूक माझी होती, आणि त्याच स्टाफसमोर उभा राहून ते वाचतो. रविवारी पुन्हा जतला येईन. सुमनला सांगेन, तुझ्या आबांच्या हातून काहीही राहिलं नव्हतं.

तुमचा अपराधी,
वसंत