अगदी त्यांच्यासारखेच दात

प्रिय ठमे,

चार महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. आधीच सांगते, तुझे ते नवे पांढरे दात मला अजूनही आवडलेले नाहीत. तुझ्या लग्नाच्या दिवशी, सासरच्या माणसांसमोर, ‘तोंडात बाथरूमच्या फरश्या बसवल्यास का?’ असं मी विचारायला नको होतं. पण रंग फरशीचाच आहे. माणसाचा दात मुळाशी पिवळसर असतो, टोकाला जरा निळसर, मधे कुठेतरी चहाचा डाग. एकतीस वर्षं दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी कवळ्या केल्या. छटांची पट्टी घेऊन प्रत्येकाला खिडकीशी उभं करायचे, बायकांना लिपस्टिक पुसायला लावायचे, मगच रंग ठरवायचे. मी केलेली कवळी कवळी म्हणून कुणाला ओळखू आली नाही. नटव्यांचा तिटकारा कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवला होता, तो नोकरीत कामी आला.

तुझ्या बाबांचे दात गेले, तेव्हा त्यांची कवळी दुसऱ्या कुणाला करू देणं शक्यच नव्हतं. ते खिडकीशी उभे राहिले आणि पट्टीवरच्या सगळ्यात पांढऱ्या दातावर बोट ठेवलं. मी हसले. म्हटलं, या वयात कुठे मिरवायला जायचंय? त्यांच्या जुन्या दातांसारखेच दात केले, पुढच्या दातावर बारीक तडासुद्धा रंगवला. आरशात बघून ते म्हणाले, ‘वा, अगदी माझेच.’ इतकं चांगलं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

लग्नात रडत रडत तू म्हणालीस, ‘बाबांनाही तू असंच केलंस.’ मला वाटलं, पोरगी रागात वाटेल ते बोलते.

मागच्या आठवड्यात भिंतीवर लावायला त्यांचा फोटो शोधत होते. कवळी बसवल्यानंतर ते सहा वर्षं जगले, आणि त्या वर्षांतल्या एकाही फोटोत ओठ उघडे नाहीत. मी समजत होते, वयानं गंभीर झालेत. त्यांच्या न्हाव्याला विचारलं. इतकी वर्षं त्याच्याच खुर्चीत बसून गप्पा मारायचे ना. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, ‘वहिनी, शाळेपासून त्यांना पिवळ्या दातांवरून चिडवायचे. नवे दात मिळणार म्हणून पोरासारखे खूश होते. मिळाले ते पुन्हा तेच. पण मला बजावलं होतं, हिला सांगू नकोस, हिनं फार मेहनत घेतलीय.’

तुला हे ठाऊक होतं, ठमे. तू त्यांचेच दात घेऊन जन्मलीस, तेव्हा चिडवणंही तुझ्या वाट्याला आलंच असणार. घरात दातांवर एवढ्या अधिकारवाणीनं बोलणारी आई, आणि तिनं तुला एकदाही विचारलं नाही.

त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच. तुझी मागते. मला सवय नाही, तेव्हा नीट जमलं नसेल तर सांभाळून घे. जावईबापूंना घेऊन ये, नाहीतर एकटीच ये. मी दातांवरून काही बोलले तर सरळ उठून जा. फक्त माझ्यासमोर ओठ मिटून बसू नकोस. तेवढं आता मला सोसणार नाही.

तुझीच तिखट जिभेची,
आई