पाणचट सूप

सोमवार

आले एकदाची. हॉटेल शुद्ध व्हीगन; दूध, मध, लोकर, रेशीम काही नाही. माझ्या चामड्याच्या चपलासुद्धा व्यवस्थापकांनी दारातच काढून घेतल्या. नोंदणीचा कागद पुढे केला, मी न वाचताच सही ठोकली. इथे येणारा प्रत्येकजण करतो म्हणे.

काम सोपं. पाहुणे जेवून अभिप्रायाचं कार्ड भरतात, ते वाचायचं, तक्रार असली तर स्वयंपाकघरात पाठवायची. नातेवाइकांना दोन दिवस फुकट! धाकट्या बहिणीला शनिवारचं बोलावलं. ती कट्टर व्हीगन, माझ्या अंड्यांवरून आजवर तिने माझं डोकं खाल्लंय. आता जरा मिरवीन.

मंगळवार

पाहुणे खूश. फक्त सात नंबरच्या निवृत्त मास्तरांनी लिहिलंय, सूप पाणचट आहे. अक्षर मात्र मोत्यासारखं. कार्ड खाली पाठवलं. संध्याकाळी शेरा आला: तक्रार दूर केली.

गुरुवार

आज सगळ्या कार्डांवर सुपाचं कौतुक. म्हटलं, मास्तरांना सांगावं. खोली आवरलेली, ते नाहीत, पण चष्मा टेबलावर. आचाऱ्याला विचारलं, सुपात काय घातलं. तो म्हणाला, इथे जनावराला हात लावत नाहीत, कारण जनावर होकार देऊ शकत नाही. माणसाची सही असते. मी हसले. तो हसला नाही.

शुक्रवार

नोंदणीचा कागद वाचला. अगदी खाली, बारीक अक्षरात: माझे शरीर स्वखुशीने येथील स्वयंपाकघरास देत आहे.

जुनी कार्डं काढली. दर आठवड्याला एक तक्रार. खाली तोच शेरा. मास्तरांचं कार्ड मीच, माझ्या हाताने —

बहिणीचा फोन लागत नाही. कचेरीचं दार बाहेरून बंद.

शनिवार

आचाऱ्याने दुपारची कार्डं आत सरकवली. तक्रारीचं काढून ठेव म्हणाला, दहा मिनिटांत येतो.

एकच आहे. धाकटीचं. ताई, सूप पाणचट आहे गं, राग मानू नकोस. आहेस कुठे तू? दोन दिवस फुकटच आहे, उद्या परत चाखून बघते.

फाडलं. चावून गिळलं. कोऱ्या कार्डावर माझं नाव, सूप पाणचट. दाराखालून दिलं. वाचून तो म्हणाला, सही आहेच तुझी. सुरी धुवायला गेलाय.

धाकटी सुटली. सुटली —

नाही. उद्या परत चाखते म्हणाली. आवडेल तिला. कौतुक लिहील, मला दाखवायला —

कुलूप काढतोय. धाकटे, उद्याचं सूप पिऊ न