दाराच्या आतली बाजू

प्रिय भोपळ्या,

फोन न करता पत्र लिहितोय, त्याचं कारण तुला ठाऊक आहे. फोनवर जहाजाचा 'ज' उच्चारला की तू फोन वहिनींच्या हातात देतोस, आणि मग मी आणि त्या एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत बसतो. पत्र तसं दुसऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही. शिवाय या खेपेला मी कशाकशावर कुरकुर केली आहे, हे वाचल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही.

तर आधी कुरकुर. थकलोय रे. आपली म्हातारी सुक्या गोदीत उभी आहे. पाण्याबाहेर काढलेली युद्धनौका केवढी असते, हे नोकरीत असताना आपण कधी नीट पाहिलंच नव्हतं, कारण आपण कायम तिच्या पोटात. आता रोज सकाळी तिच्या बुडाखालून चालत कामावर जातो आणि मान वर केली की पाठीत कळ येते. तिचं संग्रहालय करायचं म्हणजे काय, तर गंज काढायचा, रंग खरवडायचा, त्याखालचा रंग खरवडायचा, आणि त्याच्याखाली पुन्हा गंज. नोकरीत तपासणी आली की खरवडायचा कंटाळा करून गंजावरच रंगाचा हात फिरवणाऱ्यांना शिव्या घालाव्यात, तर त्यात पहिली नावं आपलीच निघतात. तोंडावर मुखवटा, कानात बोळे, हातात ते हवेवर चालणारं थडथडणारं यंत्र. संध्याकाळी चमचा धरला तरी हात हलतो. बायको म्हणते, उशीचे अभ्रे तांबडे व्हायला लागलेत, आता तुमच्या कानांतूनही गंज गळतो. खोटं नाही ते.

आणि आपली माणसं! निवृत्त खलाशी एकदा हौसेने कामाला आला की देवाने तोंड फक्त भांडायला दिलंय असं त्याला वाटतं. प्रत्येकाला जहाज तो स्वतः नोकरीत होता तेव्हा जसं होतं तसंच हवंय. राखाडी रंग किती निळसर असावा यावरून तोफेवरच्या दोघांनी बोलणं टाकलंय, आणि निरोप पोचवायला मी मधे. संग्रहालयाच्या बाई आपल्या मुलींच्या वयाच्या आहेत. चांगल्या आहेत. सगळ्यांचं ऐकून घेतात आणि मग त्यांना हवं तेच करतात. भटारखान्यात त्यांनी प्लास्टरचे पाव मांडून ठेवलेत. आपल्या आचाऱ्याने त्यातला एक दाबून पाहिला आणि म्हणाला, माझ्या पावापेक्षा मऊ झालाय. आता बाईंना जहाजाचा वास हवाय, बाटलीत भरून फवारायला. मी म्हटलं, बाई, तो खरा वास आणलात तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. त्या हसल्या. मला मात्र हसायचंही त्राण नव्हतं. कधी कधी वाटतं, हिला भंगारात जाऊ दिलं असतं तर तीही सुटली असती आणि आपणही.

सगळे तुझी चौकशी करतात. मी सांगतो, बरा नाही तो. पूर्वी हे निमित्त होतं, आता खरं झालंय.

वहिनींनी मला सगळं सांगितलं आहे. त्यांच्यावर चिडू नकोस, त्या फोनवर रडत होत्या. चक्कर येऊन तू ओट्याजवळ पडलास, डॉक्टरांनी डोक्याची तपासणी सांगितली, त्या नळीसारख्या यंत्रात झोपून करतात ती. पहिल्या वेळी तू दारातूनच परत फिरलास. दुसऱ्या वेळी आत गेलास, यंत्र ठक ठक करायला लागलं, आणि तू असा ओरडलास म्हणे की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. दवाखान्याचा तो पाठीमागे बांधायचा झगा अंगात, पायात काही नाही, आणि तू थेट रस्त्यावर. गुंगीचं औषध देतो म्हणाले, तर त्याला तू त्याहून जास्त भ्यायलास. डॉक्टर म्हणतात, आत काय आहे ते दिसल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि उशीर झाला तर लावून उपयोग नाही. आणि तू खुर्चीत बसून पेपर वाचतोस. भोपळ्या, हा हट्ट तुझा जीव घेईल.

वहिनींना वाटतं, तुझा जीव गुदमरतो. लग्न झाल्यापासून त्यांनी तुझ्या घरात एकही दार लागलेलं पाहिलेलं नाही. न्हाणीघराची कडी तू स्वतः स्क्रूड्रायव्हरने काढलीस. तुमच्याकडे आलेला पाहुणा आंघोळीला गेला की मोठमोठ्याने गाणी म्हणतो, आम्हीही म्हटली आहेत. आम्ही त्यावर किती हसायचो, आणि तूही हसायचास. पण कारण वहिनींना कधी कळलं नाही. मला कळलं, कारण तू मला एकदाच सांगितलंस. माझ्या थोरलीच्या लग्नाच्या दिवशी, मागच्या अंगणात खुर्च्या एकावर एक रचताना. सांगून झाल्यावर तू उरलेल्या खुर्च्या रचल्यास आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. मीही काढला नाही.

तुला पाठ असलेलंच मी आता लिहिणार आहे. राग येईल, पण वाच. त्या दुपारी धुक्यात ते मालवाहू जहाज आपल्या जहाजाच्या कुशीत घुसलं. मी दुसऱ्या अंगाला पंपावर होतो. काटकोन आणि मी एकाच दुरुस्तीच्या टोळीत. तो ताडमाड उंच, दर दारातून कमरेत वाकून जायचा म्हणून काटकोन. पाचरींची पिशवी आणि लाकडी हातोडा घेऊन तो एकटाच त्या बाजूच्या कोठीत शिरला, फुटलेल्या पत्र्याच्या फटीत पाचरी ठोकायला. आणि तो आत असताना पत्रा फाटला. तू बॉयलरखान्याकडच्या दारावर होतास. तुझ्या पाठीमागे बॉयलरवरची सगळी पाळी, समोर पाणी. दार लावा असा हुकूम आला आणि तू ते लावलंस. दार लागलं आणि आतून ठोके पडायला लागले.

चौकशीत तुझी पाठ थोपटली गेली. दार वेळेवर लागलं म्हणून जहाज आणि माणसं घरी आली, असं लिहिलं गेलं. त्याने तुला काय मिळालं? ठोक्यांचं तू तिथे बोललाच नाहीस. मला अंगणात म्हणालास की ते ठोके घाईचे नव्हते. सावकाश, एकसारखे, मधे थांबून पुन्हा. त्यानेच तुझा जीव खाल्ला. तो घाबरून बडवत असता तर एक वेळ परवडलं असतं, पण तो जणू तुला हळू आवाजात विनवत होता आणि तू दाराच्या खिट्यांवर हात दाबून उभा होतास. दार चौकटीवर आवळणाऱ्या त्या खिट्या दोन्हीकडून फिरतात, पण आतून एकही हलली नाही, असं तू सांगितलंस. त्याच्या हातात बळ उरलं नसणार, असं तू धरून चाललास. दाराच्या कडेने तुझ्या पायांवर पाणी फुटत होतं, ते हळूहळू थांबलं. मग ठोकेही थांबले. हे सगळं तू मला सांगितलंस आणि मी, ज्याने काटकोनाबरोबर इतकी वर्षं काम केलं, तो गाढवासारखा ऐकत राहिलो.

आता इकडचं सांगतो. आग लागली तर प्रेक्षकांना बाहेर पडायला दुसरी वाट हवी, असं अग्निशमनवाल्यांनी सांगितलं. नकाशावर बोट फिरवत बाई त्या कोठीवर थांबल्या. ती कोठी तेव्हापासून बंद होती. काटकोनाला गोदीत बाहेरच्या अंगाने, पत्रा कापून काढलं होतं. मग नवा पत्रा बसवला, कोठी रिकामी ठेवली, धडकेत अडकून बसलेलं वरचं झाकण वेल्डिंग करून टाकलं. दाराकडे तेव्हा कुणाचं लक्षच गेलं नाही. आम्ही तुझ्या बाजूने ते दार उघडायला गेलो. तेल सोडलं, तापवलं, खिटीला लांब नळी लावून तिघे लोंबकळलो. एकही खिटी हलली नाही. वेल्डर म्हणाला, कापून टाकतो. मी नको म्हणालो. का म्हणालो ते मला सांगता येत नव्हतं, म्हणून खेकसलो, आणि मी खेकसलो की कुणी पुढे विचारत नाही. शेवटी वरचं झाकण कापलं. बंद लोखंडी खोलीत गंजच हवा खाऊन टाकतो, म्हणून आधी पंखा लावून आत ताजी हवा भरली, तपासली, आणि मग मी म्हणालो की पहिला मी उतरणार. बाईंनी माझ्या वयाचा विषय काढला. गुडघे ठणठणीत आहेत असं मी धडधडीत खोटं सांगितलं आणि शिडी धरली. भोपळ्या, मला उतरायचं नव्हतं. तिथे त्याच्या नखांचे ओरखडे बघावे लागतील अशी भीती वाटत होती. पण दुसऱ्या कुणी ते आधी बघावेत, हे त्याहून नको होतं.

ओरखडे नव्हते. हातोडा खाली पडलेला होता, पिशवी रिकामी होती, आणि दाराच्या प्रत्येक खिटीखाली आतल्या बाजूने पाचर ठोकलेली होती. अगदी वरच्या खिटीखालीसुद्धा, जिथे आपल्यापैकी त्याचाच हात पोचला असता. ओल्या हातातून लाकूड निसटू नये म्हणून त्याने प्रत्येक पाचरीला कापडाची पट्टी गुंडाळली होती, शर्ट फाडून. एका पट्टीवर अजून बटण आहे. खिटीखाली पाचर बसली की दार चौकटीवर आणखी आवळलं जातं, हे तुला मी शिकवायला नको. तुझ्या पायांवर फुटणारं पाणी दाराच्या कडेच्या रबराने अडवलं नाही रे, त्याने अडवलं. तो दार ठोठावत नव्हता. तुमच्याकडे पाणी जाऊ नये म्हणून तो आपल्या बाजूने ते बंद करत होता, नेहमीच्या हाताने, सावकाश, कारण पाचर घाईने ठोकली तर फुटते. आपण त्याच्या जागी असतो तर दार बडवलं असतं, म्हणून तोही तेच करत होता असं आपण दोघं एवढी वर्षं समजून चाललो. आणि तू दार उघडायला गेला असतास तरी ते उघडलं नसतं. आमच्याच्याने आज, तिघं लोंबकळूनही उघडलं नाही. मी तिथे खाली बसून रडलो, वरून बाई हाका मारत होत्या. नंतर त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रेक्षकांची वाट आपण दुसरीकडून काढू, या पाचरींना कुणी हात लावायचा नाही. तुला जहाजावर यायचं असेल तेव्हा ये, नाही आलास तरी मी काही म्हणणार नाही. माझं मागणं वेगळं आहे, आणि हे पत्र त्याच्यासाठी आहे. वहिनींनी मंगळवारची वेळ घेतली आहे. मी सोमवारी येतो आणि मंगळवारी तुझ्याबरोबर दवाखान्यात येतो. तू त्या नळीत झोप. ते यंत्र ठोकायला लागलं की डोळे मीट आणि एवढंच ध्यानात ठेव, आत काटकोन काम करतोय. त्याला करू दे.

तुझाच,
किरकिऱ्या