होडीतून उठून जाता येत नाही

८ एप्रिल, मंगळवार

ठरलं! शनिवारी सासूबाईंना तळ्यावर न्यायचं आणि सांगून टाकायचं. एक घाव दोन तुकडे.

घरात जमत नाही. मी जरा गंभीर चेहरा केला की त्या गॅसवरचं दूध बघायला उठतात. दूध नसलं तरी उठतात. होडीतून कुठे उठून जाणार? तळ्याच्या मधोमध बेट, बेटावर पडका किल्ला, तिथवर अर्धा तास पाण्यातून. तेवढा पुरे.

आमच्या पडद्यांच्या दुकानातल्या फिटरला हळूच सांगितलं. तो शिडीवर होता, हातात पडद्याचा रॉड. मी येऊ का, म्हणाला. नको म्हटलं, माझं मी सांगेन. "लग्न दोघांचं आहे पण," म्हणाला. खरंय. तरी नको.

९ एप्रिल

आरशासमोर पाठ केलं – आई, मी पुन्हा लग्न करायचं म्हणतेय. एवढंच तर वाक्य! तरी तीनदा अडखळले.

१० एप्रिल

झोप नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्यामागे सासूबाई मला एकदाही टाकून बोलल्या नाहीत, हीच पंचाईत. खाष्ट असत्या तर केव्हाच निघून गेले असते.

त्यांना माझ्याशिवाय कोण आहे? समुद्राकाठी राहणारी धाकटी बहीण दर रविवारी फोनवर ये ये करते. ह्या म्हणतात, "आत्ता नाही गं." मुलाचं घर सोडवत नसणार. आणि त्या घरात त्यांना एकटं टाकून मी चालले. फिटर म्हणतो, त्यांनाही आपल्याकडे आणू. त्याच्या दोन खोल्या, चौथा मजला, लिफ्ट नाही. त्या येणार नाहीत.

वाईट वाटतं. खूप वाटतं. पण आता थांबले तर कायमची थांबेन. सांगणारच.

११ एप्रिल

सँडविच बांधली. सासूबाई नवे बूट घालून घरभर हिंडतायत. सवय व्हावी म्हणे!

१२ एप्रिल, शनिवार

सांगितलं. पण होडीत नाही.

होडीत घात झाला. आम्ही दोघीच असू, असं मी धरून चालले होते. अगं बाई, वल्हवायला होडीवाला नको का? तो आमच्या मधोमध बसला आणि किल्ल्याच्या राजाची कुळकथा सुरू. कितवी राणी, कुठला भाऊ फितूर, आग कुठून लागली. सासूबाई त्याला आणखी विचारतायत. मी मूग गिळून पाणी बघत होते. पाणी हिरवं, स्वच्छ, डोंगर त्यात उलटे उभे. एरवी किती आवडलं असतं.

बेटावर उतरल्यावर त्या पुढे, मी मागे. किल्ल्याला छप्पर नाही. वरच्या मजल्यावरचा शेकोटीचा कोनाडा नुसता भिंतीत अडकून राहिलाय, खाली जमीनच नाही. एका मोठ्या खिडकीच्या कट्ट्यावर त्या सँडविच खायला टेकल्या. मी सवयीने खिडकी डोळ्यांनी मापली – नऊ फूट तरी असेल, जाड कापड घेतलं तर रॉडला मधे आधार लागेल. मग म्हटलं, आता पुरे झालं. पाठ केलेलं सगळं विसरले.

"आई, मला फिटरशी लग्न करायचंय."

"आपल्याकडे रॉड बसवून गेला, तो?"

"हो."

त्यांनी उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं. मग म्हणाल्या, "बरं. पाणी दे."

बस्स! परतीच्या होडीत होडीवाला पुन्हा बोलत होता. कोणी काही विचारलं नाही.

मी माफी मागितली नाही. मागणारही नाही. पण बसमध्ये त्यांना खिडकीजवळची जागा दिली, तर त्यांनी तोंड जे बाहेर वळवलं ते घर येईपर्यंत.

१३ एप्रिल

जेवढ्यास तेवढं. बहिणीचा फोन आला तर खोलीचं दार लावून बोलल्या. आजवर कधी लावलं नव्हतं. माझीच गाऱ्हाणी असणार. असू देत.

१४ एप्रिल

आजही दार बंद. फिटर म्हणाला, थोडं लांबणीवर टाकू या का? त्याच्यावरच भडकले. बिचारा. नाही टाकायचं.

१६ एप्रिल, बुधवार

कामावरून आले तर दारात सासूबाईंची बॅग. म्हटलं, आई, अशा रागावून जाऊ नका.

"रागावून कशाला? बहिणीकडे राहायला चाललेय. किती वर्षं मनात होतं. तू एकटी पडशील म्हणून पाय निघत नव्हता गं."

आणि मला वाटायचं, मी त्यांना सांभाळतेय.